अमेरिकी सैन्यदल: आयव्हीएफसाठी प्रवासखर्च कसा मागायचा
आधी जुनी माहितीपत्रकं बाजूला ठेवा. 2023 मध्ये सुरू झालेला गर्भपातासाठीचा प्रवासभत्ता जानेवारी 2025 मध्ये रद्द झाला. त्यासाठी आता साठलेली रजा आणि स्वतःचाच खिसा. आयव्हीएफचा भत्ता मात्र राहिला.

निघण्यापूर्वी लेखी प्रवास-आदेश हातात घ्या. ‘साहेब हो म्हणाले’ एवढ्यावर तिकीट काढलं की दावा हमखास अडकतो. खर्च मिळतो तो प्रवास आणि मुक्कामाचा. उपचाराचं बिल तुमचंच, ते त्यात घुसडू नका. मुक्कामाची प्रत्येक पावती जपा, रक्कम कितीही असो. बाकी खर्चाची 75 डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर. हॉटेलच्या पावतीवर रोजचं भाडं आणि कर वेगळे लिहून घ्या. परतल्यावर 5 कामकाजी दिवसांत दावा भरा.