पश्चिम खंडसीमेचं गुरुत्व मॉडेल: सुरुवात करण्याआधीची तयारी

कोकणातून निघून शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) आणि अरबी समुद्रातलं लक्ष्मी बेसिन व लक्ष्मी रिज ही समुद्राखालची रांग ओलांडणारा पृथ्वीच्या कवचाचा उभा छेद काढायचा असेल, तर मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी उघडा. रेषेवर मोजलेल्या गुरुत्वाच्या एकाच वक्राशी जुळणारे छेद हवे तेवढे काढता येतात आणि त्यातला खरा कोणता हे तो वक्र कधीच सांगत नाही. म्हणून आधी कागदावर दोन रकाने आखा. एकात सिस्मिकने (जमिनीत पाठवलेल्या लहरींनी) पक्कं केलेलं, दुसऱ्यात गुरुत्वाने ठरवायचं. वक्र जुळत नाही म्हणून पहिल्या रकान्यातलं काहीही मागाहून सरकवायचं नाही, हे स्वतःशी ठरवून टाका.

प्रश्नही आधीच लिहून ठेवा. ही सीमा एका झटक्यात फाटलेली नाही. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स, आणि मधल्या काळात दख्खनचा लाव्हा ओतला गेला. लक्ष्मी रिज समुद्रतळापासून उंच आहे, तरी तिच्यावर फ्री-एअर विसंगती (फक्त उंचीची सुधारणा करून उरलेला अपेक्षित गुरुत्वापासूनचा फरक) ऋण आहे. नैनी आणि माणिक तलवानी यांनी १९८२ मध्ये अपवर्तनाच्या (थरांतून वाकून आलेल्या सिस्मिक लहरींच्या) आधारे तिथलं कवच जाड असल्याचं दाखवलं आणि तो खंडाचा सुटलेला तुकडा मानला. लक्ष्मी बेसिनचं कवच मात्र ताणलेलं खंडीय की सागरी, हा वाद अजून चालू आहे. 'कवच किती जाड?' या प्रश्नाला गुरुत्व बऱ्यापैकी उत्तर देतं. 'कोणत्या जातीचं?' याला एकट्याने देत नाही. तुमचा प्रश्न यातला कोणता, ते स्पष्ट असू द्या.

मग डेटा गोळा करा. खोल समुद्रासाठी उपग्रहीय अल्टिमेट्रीवरून (समुद्रपृष्ठाच्या उंचीच्या मोजमापावरून) काढलेलं गुरुत्व पुरेसं आहे, पण साधारण १५ किलोमीटरपेक्षा छोट्या तरंगलांबीच्या तपशिलावर विसंबू नका. किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात तर त्यावर फारच कमी भरवसा ठेवा, कारण तिथे जमिनीचा परतावा समुद्राच्या परताव्यात मिसळतो. नेमका हाच पट्टा पनवेल फ्लेक्शर (लाव्हाचे थर समुद्राकडे वाकलेला भाग) आणि मुंबईजवळचा गुरुत्व उच्चांक समजून घ्यायला लागतो. तिथे जहाजावरची मोजमापं शोधा आणि त्यांच्या एकमेकांना छेदणाऱ्या रेषांवरचा फरक तपासा. जहाजाच्या वेगाचाही वाचनावर परिणाम होतो: मुंबईच्या अक्षांशावर पूर्वेकडच्या वेगात एका नॉटची चूक झाली, तर वाचन सुमारे ७ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वाचं एकक) बिघडतं.

जमिनीवरच्या स्थानकांची उंची काळजीपूर्वक पाहा. एक मीटर उंचीमागे फ्री-एअर सुधारणा ०.३०८६ मिलिगॅलची असते. सह्याद्रीत भूरूप सुधारणा (आजूबाजूच्या डोंगरदऱ्यांच्या परिणामाची) टाळून चालणार नाही. बूगे सुधारणेसाठी (स्थानकाखालच्या खडकाची ओढ वजा करण्यासाठी) सवयीने २.६७ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) ही घनता वापरली जाते, पण दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट त्याहून जड, सहसा २.८ ते २.९ असतो. २.६७ तशीच ठेवली तर डोंगरांचा ठसा विसंगतीत उमटतो आणि तो खोलवरचा वाटू लागतो. जमिनीवर बूगे आणि समुद्रावर फ्री-एअर असा जोड नकाशा वापरत असाल तर मॉडेलमध्येही तसंच मोजा.

सिस्मिक फायली आल्या की आधी हेडरमधले निर्देशांक, ध्रुवता (लहरीचं चिन्ह धन की ऋण) आणि उभा अक्ष सेकंदात आहे की मीटरमध्ये ते पाहा. सेकंदातला छेद मॉडेलमध्ये चढवण्यापूर्वी त्याचं खोलीत रूपांतर करायला हवं, आणि इथे बेसाल्ट सगळ्यात जास्त त्रास देतो. थरातला जाण्यायेण्याचा वेळ एक सेकंद असेल, तर वेग ४ किलोमीटर प्रति सेकंद धरल्यास जाडी २ किलोमीटर येते आणि ५ धरल्यास २.५. शिवाय बेसाल्टच्या वरच्या पृष्ठभागावरूनच बरीच ऊर्जा परत फिरते, त्यामुळे त्याखालचे मंद परावर्तक दिसले तरी ते 'पक्कं'च्या रकान्यात घालू नका. समुद्राकडे झुकलेल्या परावर्तकांची (बहुधा लाव्हाच्या थरांची) जागा नोंदवा. खालच्या कवचात ७.१ ते ७.५ किलोमीटर प्रति सेकंद वेग मिळाला, तर तिथे खालून चिकटलेल्या मॅग्माचा थर असण्याची शक्यता लिहा. मोहोची (कवच आणि त्याखालचं प्रावरण यांच्यातल्या सीमेची) खोली अपवर्तनातून आली आहे की नुसत्या समतोलाच्या (कवच प्रावरणावर तरंगतं या) गृहीतकातून, हे प्रत्येक बिंदूपाशी नमूद करा. जमिनीच्या टोकाला गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या कोयना परिसरातल्या खोल सिस्मिक रेषांचा आधार आहे.

घनतेला सर्वात जास्त वेळ द्या. नेफ–ड्रेक वक्रावरून (खडकातला लहरींचा वेग आणि घनता यांच्या संबंधावरून) वेगाची घनता करताना एकच आकडा न घेता वरची-खालची मर्यादा घ्या. का, ते हिशेबाने दिसतं. सपाट थराचा परिणाम मिलिगॅलमध्ये ०.०४१९ गुणिले घनतेतला फरक गुणिले मीटरमधली जाडी. ४ किलोमीटर गाळाच्या घनतेत ०.१ ची चूक झाली तर सुमारे १७ मिलिगॅल. मोहोवर घनतेचा फरक ०.४ धरला तर मोहो एक किलोमीटर हलवल्यावरही सुमारे १७ मिलिगॅलच. म्हणजे गाळातली साधी बेफिकिरी थेट मोहोच्या माथी बसते. सिंधूच्या गाळपंख्यात गाळ कित्येक किलोमीटर जाड आहे, आणि तो एकसारखाही नाही. २०१५ मध्ये आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-खोदाई कार्यक्रमाच्या मोहीम ३५५ ने लक्ष्मी बेसिनमध्ये भोकं पाडली, तेव्हा 'नटराज' नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड भूस्खलनाचा थर आडवा आला. त्याच मोहिमेत यू१४५७ या ठिकाणी समुद्रतळाखाली हजार मीटरहून थोडं अधिक खोलीवर बेसाल्ट लागला. हे बिंदू तुमच्या रेषेजवळ असतील तर आधी त्यांच्याशी छेद जुळवा.

मॉडेलची दोन्ही टोकं रेषेच्या पलीकडे काहीशे किलोमीटर वाढवा, नाहीतर कडेचा खोटा परिणाम आत शिरतो. शेल्फच्या कडेला येणारी गुरुत्वाची उच्च-नीच जोडी बरीचशी पाण्याच्या खोलीतल्या आणि कवचाच्या जाडीतल्या बदलाची असते. तिथे लगेच खडकाचा उंचवटा रंगवू नका. प्रावरणाच्या तापमानातल्या फरकाची सुधारणा करा, निदान तिचा अंदाज लिहून ठेवा. द्विमितीय हिशेब तलवानी, वॉर्झेल आणि लँडिसमन यांच्या १९५९ च्या बहुभुज पद्धतीवर उभा असतो आणि त्यात रचना रेषेच्या आडवी लांबवर तशीच पसरलेली मानलेली असते. समुद्रपर्वतावरून जाणारी रेषा त्या गृहीतकात बसत नाही. लक्ष्मी बेसिनमध्ये रामन आणि पणिक्कर समुद्रपर्वत आहेत, तेव्हा नकाशा समोर ठेवूनच रेषा निवडा.

शेवटी निदान दोन मॉडेलं चालवायची तयारी ठेवा, बेसिनचं कवच खंडीय मानून एक आणि सागरी मानून एक. दोन्ही सारखी जुळली तर दोन्ही उरलेल्या फरकासकट छापा. समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून अपवर्तनाची कोणती रेषा घेतली तर निकाल लागेल, ती त्याच नकाशावर आखून द्या.