पार्टिसिपंटना स्टडीचे रिझल्ट कळवताय? या चुका टाळा

औषधाच्या स्टडीचा डेटाबेस लॉक झाला, म्हणजे माहिती गोळा करून पक्की झाली, की मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं, पार्टिसिपंटना रिझल्ट कधी कळवायचे, आणि सगळे स्टडीचं रोजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे बघतात. खरी चूक त्याच्या खूप आधी होऊन गेलेली असते, कन्सेंट फॉर्म (सहभागाचं संमतीपत्र) लिहिताना. रिझल्ट हवेत का, पोस्टाने की ईमेलवर, पत्ता बदलला तर कोणाला विचारू, हे तिथेच विचारून घ्या. हेलसिंकी डिक्लरेशनच्या (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नीतितत्त्वं) २०१३ च्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे की प्रत्येकाला निष्कर्ष जाणून घ्यायचा पर्याय मिळायला हवा. पर्याय म्हणजे नको म्हणणाऱ्याला पत्र जाता कामा नये, त्यामुळे कॉन्टॅक्ट लॉगमध्ये 'रिझल्ट हवे: हो/नाही' असा कॉलम ठेवा आणि प्रत्येक व्हिजिटला फोन नंबर पुन्हा विचारत जा.

दुसरी भानगड म्हणजे एकूण रिझल्ट आणि त्या माणसाचे स्वतःचे रिपोर्ट यांची खिचडी. हे दोन वेगळे विषय आहेत. रिसर्च लॅबमधला आकडा बघून कोणी गोळी बंद केली तर काय, म्हणून तो क्लिनिकल लॅबमध्ये पुन्हा तपासल्याशिवाय देऊ नका, आणि सांगायचाच तर डॉक्टरने समोर बसून सांगावा. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो (औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी) हे पण स्पॉन्सरने, म्हणजे स्टडी चालवणाऱ्या कंपनी किंवा संस्थेने, अनब्लाइंड करायला (हे गुपित उघड करायला) परवानगी दिल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, पेशंट कितीही मागे लागला तरी.

ट्रायलच्या माहितीच्या वेब पोर्टलवर टाकलं म्हणजे सांगितलं, हा गैरसमज तर फारच कॉमन आहे. युरोपियन युनियनच्या ५३६/२०१४ रेग्युलेशनप्रमाणे ट्रायल संपल्यापासून साधारण १ वर्षात साध्या भाषेतला सारांश अपलोड करावा लागतो, ठीक आहे, पण तो शोधत कोण बसणार? ब्रिटनमध्ये आयकॉन८ या ओव्हरी कॅन्सरच्या ट्रायलमधल्या बायकांवर 'शो रिस्पेक्ट' नावाचा अभ्यास झाला, त्यात छापील सारांश पोस्टाने आल्यावर समाधान वाढलेलं दिसलं, वेबपेज जास्त सजवून मात्र फारसा फरक पडला नाही. मला यात काही नवल वाटत नाही.

पत्रातली भाषा बघा. 'धोका ५० टक्क्यांनी कमी झाला' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं चमत्कारच झाला, प्रत्यक्षात १०० पैकी २ जणांऐवजी १ जणाला त्रास झालेला असतो. मग तसंच लिहा ना. औषध चाललं नाही तर तेही पहिल्या दोन ओळींत यायला हवं, आभाराच्या परिच्छेदाखाली दडपू नका. आणि मसुदा एथिक्स कमिटीकडे (स्टडीला नैतिक मंजुरी देणारी समिती) वेळेत द्या, ऐनवेळी शब्द बदलला तर पुन्हा अप्रूव्हल.

आता पाकीट. बाहेर स्टडीचं नाव किंवा आजार नको, खिडकीचं पाकीट असेल तर घडी घालून आतून काय दिसतंय ते स्वतः बघा, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराच्या स्टडीत घरच्यांना माहीतच नसतं बऱ्याचदा. पाठवायच्या आदल्या आठवड्यात साइटकडून (जिथे स्टडी झाली ते हॉस्पिटल) यादी तपासून घ्या, कोण वारलंय ते. गेलेल्या माणसाच्या नावाने 'सहभागाबद्दल अभिनंदन' घरी पोचणं फार वाईट. नातेवाइकांसाठी वेगळं पत्र करा, तेही त्यांना हवं असेल तरच.

पत्र परत आलं तर लॉगमध्ये तारीख टाका, कन्सेंटमध्ये दिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन करा, पण फोन उचलणाऱ्याला स्टडीबद्दल काही सांगू नका, फक्त निरोप ठेवा. आणि पत्रावर जो नंबर छापणार तो चालू आहे ना? साइट क्लोजआउट झाली (तिथलं स्टडीचं काम बंद झालं) की स्टडीचा मोबाईल बंद होतो आणि पत्रं त्यानंतर जातात, म्हणून डिपार्टमेंटचा नंबर द्या आणि तिथे फोन उचलणाऱ्याला आधीच एक पानभर उत्तरं लिहून द्या.