बिनबॅटरीचा रेडिओ मुका का बसतो? स्फटिक-संच बांधताना या चुका टाळा

जुलै उजाडला की माझा फोन एकाच वाक्याने वाजायला लागतो. "काका, सगळं आकृतीप्रमाणे जोडलंय, पण आवाजच येत नाही." पलीकडे बहुतेक वेळा विज्ञानाच्या बाई असतात आणि मागे पोरांचा गलका. २३ जुलै म्हणजे राष्ट्रीय प्रसारण दिन. १९२७ साली याच तारखेला मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या निमित्ताने 'बिनतारीचा एक दिवस' साजरा करायचा आणि त्या काळच्या श्रोत्यासारखा स्फटिक-संच, म्हणजे खनिजाच्या खड्यावर चालणारा साधा रेडिओ, स्वतः बांधून ऐकायचा, असा बेत असतो. बेत झकास आहे. फसतो मात्र दरवर्षी त्याच त्या चार-पाच जागी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. या संचाला बॅटरी नाही, प्लग नाही. कानात जो आवाज पडतो त्याची सगळी ताकद प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून निघून तुमच्या एरियलच्या तारेत उतरलेली असते. ट्रान्झिस्टर आपल्या चुका पोटात घालतो, कारण त्याच्या गाठीला सेल असतो. स्फटिक-संचाच्या गाठीला काहीच नाही. एका सैल सांध्यात, एका ओल्या दोरीत, एका चुकीच्या इयरफोनमध्ये तो अख्खा दिवस गमावून बसतो.

स्टेशन चालू आहे का, ते बघितलंत?

हसू नका, निम्मे फोन इथेच मिटतात.

पोरं एफएम ऐकायला बसतात. स्फटिक-संच एफएम पकडत नाही, त्याला मध्यम लहरच लागते, रेडिओवर 'एमडब्ल्यू' लिहिलेली. तीही सगळीकडे पूर्वीसारखी राहिलेली नाही. आकाशवाणीचे काही मध्यम लहर प्रक्षेपक बंद झाले, काही डिजिटलकडे वळले. डिजिटल प्रक्षेपण या संचावर नुसतं फसफसतं, त्यातून शब्द निघत नाही. म्हणून घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा, सेल घाला आणि दिवसा खणखणीत लागणारं स्टेशन कोणतं ते बघा. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईचे ५५८ आणि १०४४ हे आकडे शोधायला सोयीचे. ट्रान्झिस्टरवर जे कुजबुजतंय ते स्फटिकावर येणार नाही, तो नाद सोडा.

आणि वेळ बघा. आकाशवाणीचं प्रसारण 'सभां'मध्ये चालतं: पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. दोन सभांच्या मधे स्टेशन गप्प असतं. शाळेचा मोकळा तास आणि आकाशवाणीची विश्रांती यांचा मुहूर्त हमखास जुळतो आणि पोरं तासभर मेलेल्या हवेत स्टेशन शोधत बसतात. त्या काळचा रेडिओचा दिवस उभा करणाऱ्यांचीही हीच गफलत होते, ते सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड कार्यक्रम लावून देतात. १४ नोव्हेंबर १९२२ला बीबीसीचं लंडन केंद्र सुरू झालं ते संध्याकाळी सहाला. आर्थर बरोज यांनी बातम्या दोनदा वाचल्या, एकदा भरभर आणि एकदा सावकाश, आणि श्रोत्यांना कोणतं वाचन सोयीचं वाटतं ते विचारलं. दिवसाचा बराचसा भाग शांततेचाच असे. तुमच्या कार्यक्रमातही ती शांतता येऊ द्या.

एरियल: दोन मीटर वायरने काय होणार?

वर्गाच्या खिडकीला दोन मीटर वायर बांधून तिला एरियल म्हणणं ही सर्वांत लाडकी चूक. १९२७च्या मुंबई केंद्राची ताकद दीड किलोवॅट होती आणि त्याचा पल्ला साधारण ३० मैलांचा धरत. तेवढ्यासाठीसुद्धा लोक गच्चीवर लांबलचक तार ताणत. आजचे मोठे प्रक्षेपक १०० किलोवॅटचे असले तरी २० ते ३० मीटर तार आणि शक्य तेवढी उंची हवीच. जुन्या घरांत भिंतीच्या कडेने टांगलेली तांब्याची जाळीदार पट्टी आठवत असेल. ती व्हॉल्व्हच्या रेडिओला पुरायची, इथे ती कामाची नाही.

तारेची दोन्ही टोकं चिनी मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या इन्सुलेटरवर अडकवा. आमच्याकडे एकदा पोरांनी सुतळी बांधली होती. कोरड्या दिवशी उत्तम चाललं, प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस आला, सुतळी भिजली आणि आवाज अर्ध्यावर आला. तार लोखंडी गजांना चिकटवत खाली आणली तरी हेच होतं.

यापुढचं चूक म्हणून सांगत नाही, ताकीद म्हणून सांगतो. विजेच्या तारांवरून, तारांखालून किंवा जवळून एरियल न्यायचं नाही, दगड बांधून तार पलीकडे फेकायची नाही. आणि जुलै आहे, आभाळ गडगडायला लागलं की संचाला हात लावायचा नाही. एरियल अर्थला, म्हणजे जमिनीत नेलेल्या तारेला, जोडणारा साधा दोन बाजूंचा स्विच घराबाहेर बसवून ठेवा आणि ऐकणं संपलं की तो अर्थकडे पाडून ठेवा.

अर्थ

जुन्या पुस्तकात 'नळाला जोडा' असं असतं. तेव्हा नळ लोखंडाचा होता. आता प्लॅस्टिकच्या पाइपला क्लिप लावून पोरं निवांत बसतात. जमिनीत ओलाव्यापर्यंत लोखंडी सळई ठोका. खडकाळ जागा असेल तर कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा करा, कोणताही वायरमन दाखवील. जुना गॅल्व्हनाइज्ड पाइप मिळाला तर रंग खरवडून, धातू चमकायला लागल्यावरच तार आवळा. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तार खुपसायची नाही, कोणत्याही कारणाने नाही. सहाव्या मजल्यावर असाल आणि जमीन लांब असेल तर एरियलएवढीच दुसरी तार खाली जमिनीलगत अंथरून तिला अर्थच्या जागी जोडून बघा, काम चालून जातं.

कॉइल: लाख खरवडलीत का?

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात २४ गेजची तार वजनावर मिळते. तीन इंची पाइपवर ५० ते ६० वेढे शेजारी शेजारी घट्ट घाला, दर दहा वेढ्यांनी एक टॅप, म्हणजे जोडणीसाठी तारेचं बाहेर काढलेलं टोक, काढा. जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो भाग) जोडला की बहुतेक मध्यम लहर पट्टा हाताशी येतो. तारेवर लाखेचा चकचकीत थर असतो, तो तांब्यासारखाच दिसतो आणि वीज अजिबात जाऊ देत नाही. टोकं आणि टॅप पॉलिश पेपरने घासून फिकट गुलाबी तांबं दिसेपर्यंत साफ करा. माझ्या अंदाजाने या संचाच्या दुखण्यांत क्रमांक एक हाच.

दोन स्टेशनं एकमेकांत घुसत असतील तर एरियल कॉइलच्या वरच्या टोकावरून काढून खालच्या टॅपला लावा. आवाज थोडा उतरेल, पण स्टेशनं सुटी होतील. मुंबईत राहणाऱ्यांना हे करावंच लागतं.

स्फटिक: इथे सगळा जीव आहे

गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड. चकचकीत, चौकोनी पैलूंचा, हाताला जड लागणारा खडा. जगदीशचंद्र बोस यांनी याचा शोधक (डिटेक्टर, म्हणजे रेडिओ लहरी ओळखणारा भाग) म्हणून वापर केला, १९०१मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४मध्ये ते मिळालं. खनिजांच्या दुकानात मिळाला नाही तर अत्तरवाल्याकडे डोकवा. सुरम्याचा खडा म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा गॅलेनाच असतं. शिसं आहे, म्हणून हाताळल्यावर हात धुवायचे आणि पोरांना डोळ्यांना हात लावू द्यायचा नाही.

पहिली चूक खडा बसवताना होते. साध्या सोल्डरमध्ये तो बसवला की उष्णतेने त्याची संवेदना जाते. त्या काळी यासाठी उकळत्या पाण्याखालच्या तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरत. आपण सोपं करावं: बाटलीच्या छोट्या धातूच्या झाकणात ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून त्यात खडा रुतवायचा, ताजा फुटलेला पैलू वर ठेवून. दुसरी चूक त्या पैलूला बोट लावण्याची. बोटाचा तेलकटपणा बसला की जागा मेली. चिमट्यानेच धरा, मळला असेल तर स्पिरिटने पुसा.

तिसरी चूक दाबाची. वरून टेकणारी बारीक तार, इंग्रज लोक जिला मांजराची मिशी म्हणत, ती खरोखर मिशीसारखीच टेकायला हवी. मी सतारीच्या पितळी तारेचा तुकडा घेतो, सुईभोवती दोन-तीन वेढे देऊन त्याची स्प्रिंग करतो आणि टोक तिरकं कापतो. दाबून बसवली की ती नुसती वाहक होते, शोधकपणा संपतो.

एका शाळेतली आठवीतली मुलगी मला आठवते. वर्गातले सगळे गडी मिशी ओरबाडून कंटाळले होते. ती श्वास रोखून खड्याच्या एका कडेने केसभर केसभर सरकत गेली. दहा मिनिटं काही नाही. मग तिची मान एकदम वर झाली, पण हात तसाच राहिला. "कोणीतरी कापसाचा भाव सांगतंय," ती म्हणाली. टेबलाला कुणी धक्का देऊ नये म्हणून बाईंनी सगळा वर्ग दोन पावलं मागे सरकवला. धक्क्याने जागा सुटते आणि पुन्हा शोधावी लागते. म्हणून संच टेबलावर ठेवाल तर खाली जाड रुमाल घाला.

पण पहिल्याच दिवशी गॅलेना लावून सुरुवात करू नका. आवाज आला नाही तर दोष खड्याचा की बाकी जोडणीचा, हे कळणार नाही. आधी खड्याचंच काम करणारा तयार जर्मेनियम डायोड लावा, ओए७९ किंवा १एन३४. त्याच्यावर स्टेशन ऐकलं की डायोड काढून तिथे खडा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणत १एन४००७ हातावर टेकवतो. तो सिलिकॉनचा. त्याला चालू व्हायलाच अर्ध्या व्होल्टहून जास्त लागतं आणि आपल्या तारेत तेवढं उतरत नाही. १एन३४ म्हणून दुसरंच काही विकणारेही आहेत. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघा, ०.२ ते ०.३५च्या आसपास आकडा आला तर ठीक, ०.६ आला तर परत करा.

मोबाइलचा इयरफोन चालत नाही

तो ३२ ओहमच्या आसपासचा असतो. त्या काळचे हेडफोन हजारो ओहमचे असत, दोन-चार हजार सहज. कमी ओहमचा इयरफोन थेट जोडला तर कॉइलवरचा सगळा संकेत तो गिळून टाकतो. जुन्या बाजारात उच्च ओहमचा हेडफोन मिळाला तर सोनं. नाहीतर क्रिस्टल इयरफोन घ्या, पण त्याच्या दोन टोकांत ४७ किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. तो विसरला की आवाज घशात अडकल्यासारखा येतो नाहीतर थोड्या वेळाने बुजतो. तेही नसेल तर २३० व्होल्टचे ६ करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याची २३० ची बाजू संचाला आणि ६ ची बाजू मोबाइलच्या इयरफोनला जोडा. त्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग आधी कापून टाका, म्हणजे कुणी चुकून भिंतीत खुपसणार नाही.

हेडफोन एकच आणि पोरं चाळीस, तर जुनी युक्ती करा. त्या काळी लोक हेडफोन भांड्यात ठेवून भोवती बसत. जुना चुंबकीय हेडफोन पितळी पातेल्यात ठेवा, वर्गाला गप्प बसवा. लांबच्यांना ऐकू येणार नाही, भोवतीच्या पाच-सहांना शब्द कळतो.

फळ्यावरच्या चुका

या मी दर वर्षी खोडतो. प्रदर्शनात १९२७च्या पाटीखाली ट्रान्झिस्टर ठेवलेला असतो, ट्रान्झिस्टरचा शोध १९४७चा. '१९२७ साली भारतात पहिल्यांदा प्रसारण झालं' असं लिहितात. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३मध्येच प्रसारण केलं होतं, १९२७चं केंद्र हे कंपनीचं, नियमित प्रसारणाचं. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव १९३६चं, ते आयर्विनसाहेबांच्या पाटीवर घालू नका. आणि लोक फुकट ऐकत नव्हते. वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे, आणि १९२७ अखेरीस देशभरात परवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते. कंपनी १९३०मध्ये बुडाली, याचं मला कधीच नवल वाटलं नाही.

तरीही मुका असेल तर

क्रमाने जा. इयरफोनची टोकं दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर लावा, 'टक्' असा आवाज यायला हवा. क्रिस्टल इयरफोन असेल तर बारीक येईल, पण येईल. आला नाही तर दोष तिथेच. आला तर संच जोडून, डायोड लावून, एरियल काढून पुन्हा लावताना कान द्या. बारीक खरखर बदलली तर एरियलचं काम चालू आहे. मग गँग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अगदी हळू फिरवा, घाईत स्टेशन बोटाखालून निघून जातं. अर्थ काढून बघा. काढल्यावर आवाजात काहीच फरक पडला नाही, तर ती अर्थ नव्हतीच.

आणि मला फोन करण्याआधी शेजारचा ट्रान्झिस्टर लावून बघा. गेल्या वर्षी मी पाऊण तास फोनवर एकेक सांधा तपासून घेतला. शेवटी बाईंना विचारलं, आत्ता किती वाजलेत? सभा संपून वीस मिनिटं झाली होती.