स्वतःच्या शाखेबाहेरचे रोटेशन: निवासी डॉक्टरांसाठी काही सूचना

शस्त्रक्रिया शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला अतिदक्षता विभागात, आपत्कालीन वैद्यक शिकणाऱ्याला प्रसूतिकक्षात किंवा औषधवैद्यक शिकणाऱ्याला अस्थिरोग वॉर्डात काही आठवड्यांसाठी पाठवले जाते, तेव्हा हे दिवस कसेबसे काढून आपल्या विभागात परत जावे, असे बहुतेकांना वाटते. वॉर्ड नवा, सीनियर अनोळखी, औषधे सवयीची नाहीत आणि मूळ विभागातील कामेही सुटलेली नसतात. त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हे आठवडे वाया जाऊ द्यायचे नसतील, तर एक प्रश्न सतत समोर ठेवावा: माझ्या शाखेचा रुग्ण या विभागाकडे कोणत्या अवस्थेत पोहोचतो आणि तो इथे येण्यापूर्वी मी काय ओळखायला हवे होते? त्या शाखेतील तज्ज्ञ होणे हे या रोटेशनचे उद्दिष्ट नसते, पण या प्रश्नाचे उत्तर पुढे आयुष्यभर उपयोगी पडते आणि ते पुस्तकातून सहसा मिळत नाही.

रोटेशन सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, तिथून शिकून न्यायच्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. ही यादी जितकी नेमकी असेल तितकी ती उपयोगाची ठरते. ‘व्हेंटिलेटर समजून घेणे’ असे लिहून काहीच साधत नाही; ‘फुप्फुसांचा तीव्र दाह असलेल्या रुग्णाला प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची, हे स्वतः काढता येणे’ असे लिहिले, की काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे हे लगेच ठरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानंतर अशा रुग्णांसाठी प्रतिकिलो ६ मिलिलिटर हे प्रमाण रूढ झाले. मात्र हे किलो तराजूवरचे नसून उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे असतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन साधारण ६१ किलो येते, म्हणजे प्रत्येक श्वास सुमारे ३७० मिलिलिटरचा. तोच माणूस प्रत्यक्षात ९५ किलोचा असेल आणि कोणी तराजूचे वजन धरले, तर आकडा ५७० वर जातो आणि आधीच सुजलेली फुप्फुसे ताणली जातात. बाहेरून आलेल्या डॉक्टरकडून हमखास होणाऱ्या अशा चुका कोणत्या, हे तेथील सीनियरला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

पहिल्या दिवशी आपले नाव, शाखा आणि वर्ष स्पष्ट सांगावे. त्याचबरोबर कोणती कामे आपण स्वतः केली आहेत, कोणती केवळ पाहिली आहेत आणि कोणती पाहिलेलीही नाहीत, हेही सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही छेद देण्यापूर्वी सर्वांनी नाव आणि भूमिका सांगावी अशी पायरी आहे, कारण समोरच्याला काय येते याविषयीचे चुकीचे गृहीतक धोकादायक असते. वॉर्डातील सिस्टरशी ओळख करून घ्यायला विसरू नये. त्या विभागात काय नेहमीचे आहे आणि काय वेगळे दिसते आहे, हे नव्या रेसिडेंटपेक्षा त्यांना कितीतरी आधी कळते. रात्री कोणाला फोन करायचा, कोणत्या गोष्टीसाठी करायचाच आणि फोन उचलला गेला नाही तर पुढे कोणाला, हे दिवसाउजेडी विचारून लिहून ठेवावे.

प्रत्येक शाखेत अशा काही जागा असतात, जिथे दुसऱ्या शाखेतील सवय दगा देते, आणि सर्वाधिक तयारी याच जागांसाठी करावी लागते. बालरोग विभागात प्रत्येक डोस वजनावर ठरतो. १० किलोच्या मुलाला प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमने पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यायचे असताना दशांशचिन्ह एक घर सरकले की ते १,५०० होते. म्हणून वजन, प्रतिकिलो प्रमाण आणि एकूण डोस असे तिन्ही आकडे ऑर्डरमध्ये लिहावेत, म्हणजे औषध देणाऱ्यालाही हिशेब पडताळता येतो. मुलांचा रक्तदाब फार उशिरा पडतो, त्यामुळे तो ठीक आहे म्हणून निश्चिंत न होता नाडीचा वेग, हातापायांचा गारवा आणि नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ पाहावा. प्रसूती विभागात तरुण, निरोगी स्त्री बराच रक्तस्राव सोसून वरवर ठीक दिसू शकते, आणि गरोदरपणात रक्तदाब १६०/११० वर टिकून राहणे ही तातडीची बाब असते. इतर वॉर्डांत ज्या आकड्यावर सकाळच्या राउंडपर्यंत थांबता येते, त्यावर इथे थांबता येत नाही. मनोविकार विभागात आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने ते विचार रुग्णाच्या मनात पेरले जातात, ही भीती निराधार आहे.

सीनियरला फोन करताना संकोच वाटतो, आणि परक्या विभागात तो दुप्पट वाटतो. त्यावर उपाय म्हणजे बोलण्याचा क्रम आधीच ठरवणे: आत्ता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि तुमच्याकडून काय हवे आहे. औषधवैद्यकाची रेसिडेंट अस्थिरोग विभागात रात्रपाळीला असेल, तर तिचा फोन असा असावा: “सर, नडगीच्या फ्रॅक्चरला आज दुपारी प्लास्टर घातलेला पेशंट आहे. वेदनाशामक देऊनही दुखणे वाढत चालले आहे आणि पायाची बोटे हलकेच ताणली तरी तो कळवळतो. पावलाची नाडी लागते आहे, तरीही मला कंपार्टमेंट सिंड्रोमची शंका येते. मी प्लास्टर कातडीपर्यंत उघडून घेते; तुम्ही आत्ताच येऊन पाहावे.” यात निदान पक्के असल्याचा दावा नाही, पण शंका स्पष्ट आहे आणि मागणीही स्पष्ट आहे. या विकारात स्नायूंच्या बंद कप्प्यातला दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा अडतो; नाडी लागते म्हणून हे निदान बाद करता येत नाही, हे ज्याला ठाऊक नसते तो सकाळपर्यंत थांबतो आणि तोवर स्नायू वाचवण्याची वेळ निघून गेलेली असू शकते.

पाळी बदलताना रुग्ण तोंडी सोपवण्यावर भागवू नये. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांतील बालरोग निवासी डॉक्टरांवर झालेल्या अभ्यासात ठरावीक साच्याने हँडओव्हर सुरू केल्यावर टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झालेले आढळले. तेथील मंडळी ज्या गोष्टी न बोलता गृहीत धरतात, त्या बाहेरून आलेल्याला माहीत नसतात. म्हणून त्याने प्रत्येक रुग्णाबाबत ‘रात्री काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे’ हे आवर्जून विचारून घ्यावे.

हाताने करायच्या कामांत क्रम महत्त्वाचा असतो. भूलशास्त्राच्या रोटेशनमध्ये सर्वांना श्वासनलिकेत नळी घालण्याची घाई असते, पण आधी मास्क नीट धरून पिशवीने श्वास देता यायला हवा. नळी जात नाही तेव्हा रुग्णाला जिवंत ठेवते ते हेच कौशल्य, आणि शस्त्रक्रियागृहातील नियंत्रित वातावरणासारखी ते शिकण्याची संधी पुन्हा क्वचितच मिळते. हनुवटी वर उचलायची, जबडा पुढे आणायचा आणि चेहरा मास्ककडे ओढायचा. मास्क चेहऱ्यावर दाबला की जीभ मागे जाऊन वाट आणखी बंद होते. बोटांच्या या पकडीकडे पाहून कोणीतरी दुरुस्ती सांगावी, असे भूलतज्ज्ञांना स्वतःहून म्हणावे. नळी गेल्यावर ती योग्य जागी आहे याची खात्री उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावरून करण्याची सवयही इथेच लागावी.

आता एका खऱ्या तक्रारीविषयी. अनेक ठिकाणी बाहेरच्या रेसिडेंटला रक्ताचे नमुने, डिस्चार्ज कार्डे आणि फोन यांतच अडकवले जाते, आणि हे चुकीचे आहे. ज्या विभागाकडे प्रशिक्षणार्थी सोपवला जातो, त्याने त्याला शिकवणे हे कर्तव्यच आहे. तरी गप्प बसून कुढण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात विभागातील जबाबदार शिक्षकांकडे जाऊन नेमकी मागणी करावी: “दोन लंबर पंक्चर मला तुमच्या देखरेखीखाली करायची आहेत, त्या वेळी वॉर्डाचे काम कोणी पाहायचे हे आपण आधी ठरवू या का?” नेमकी मागणी नाकारणे कोणालाही जड जाते. फरक पडला नाही, तर रोटेशन चालू असतानाच आपल्या मूळ विभागाच्या समन्वयकांना लेखी कळवावे, कारण ते संपल्यावर केलेल्या तक्रारीचा लाभ फार तर पुढच्या तुकडीला होतो. वाट्याला आलेले साधे काम मात्र चोख करावे. अर्धवट काम सोडणाऱ्याला कोणी आवडीने शिकवत नाही.

रोज एका रुग्णाविषयी वाचावे आणि रोटेशनच्या मध्यावर, सुधारणेला वेळ असतानाच, अभिप्राय मागावा. आपल्या शाखेकडून या विभागाला पाठवल्या जाणाऱ्या रेफरन्समध्ये कोणती माहिती नेहमी राहून जाते, हेही तेथील डॉक्टरांना विचारावे. त्यांच्याकडे याची उत्तरे तयार असतात. शेवटच्या आठवड्यात लॉगबुकवर सह्या घ्याव्यात, आधी केलेली यादी काढून जे राहिले असेल ते मागून घ्यावे आणि या विभागात कोणाला केव्हा फोन करायचा, कोणते डोस वेगळे आहेत, काय पाहायलाच हवे, हे एका पानावर लिहून आपल्या विभागातून पुढे येणाऱ्या ज्युनियरच्या हाती द्यावे.