कॉम्प्युटर बिघडला की या चुका टाळा, आणि फॉरमॅटची घाई तर करूच नका

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी कॉम्प्युटरचं कॅबिनेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. म्हणाले, "फार हळू झालाय हो, फॉरमॅट मारून द्या." मी विचारलं, "आत महत्त्वाचं काय आहे?" ते म्हणाले, "तसं काही नाही. जे आहे ते सगळं मी डेस्कटॉपवरच ठेवतो."

हे वाक्य ऐकलं की आजही माझा हात थांबतो. डेस्कटॉप ही वेगळी जागा नाही, तो सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्सही तिथेच असतात. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं, आणि तो मारतात सी ड्राइव्हलाच. म्हणजे डोळ्यांसमोर सुरक्षित दिसणारी प्रत्येक गोष्ट सगळ्यात आधी पुसली जाते. गुरुजींच्या डेस्कटॉपवर पेन्शनची कागदपत्रं होती, नातीच्या बारशाचे फोटो होते आणि गावच्या शाळेचा इतिहास लिहायला घेतला होता त्याची ऐंशी पानं होती. त्यांनी ही ऐंशी पानं "तसं काही नाही"मध्ये धरली होती, कारण ती जातील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

फॉरमॅटची गरजही नव्हती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसला. सी ड्राइव्हवर जेमतेम दोन जीबी जागा उरली होती आणि दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते. दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात एकच फाइल दोघंही तपासत बसतात आणि मशीन घुसमटतं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, घरगुती वापराला तो पुरतो. एक अँटिव्हायरस काढला, डाउनलोड्स रिकामा केला, गुरुजींचं सगळं लिखाण बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. कॉम्प्युटर तासाभरात सुधारला.

याच धर्तीवर आणखी एक. "मी रोज बंद करतो, तरी हँग होतो" ही तक्रार नेहमीची आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. त्यामुळे कालचा अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आजही अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं. काहीही अडलं की पहिल्यांदा रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे.

आता डिस्प्ले न येण्याबद्दल. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. लोक घाबरून मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेला असं धरून चालतात. आधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का ते पाहा, कारण झाडू मारताना ती ढिली झालेली असते. ती नीट असेल तर संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर, घ्या. दमट हवेत, विशेषतः कोकणात, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा पातळ थर बसतो आणि संपर्क तुटतो. प्लग पूर्ण काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. रॅमच्या बाजूचे क्लिप दाबले की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी कडेवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुसा कोरड्या मऊ कापडाने टिपा आणि खाच जुळवून पट्टी परत दाबा. क्लिपचा आवाज आला म्हणजे ती नीट बसली. इथे ओलं फडकं वापरू नका, तोंडाने फुंकर मारू नका, आणि पॉलिश पेपर तर मुळीच घासू नका. सोन्याचा मुलामा एकदा खरवडला गेला की पट्टी कायमची गेली.

तारखेचा घोळ मला सगळ्यात जास्त सापडतो आणि तो कुणालाच ओळखू येत नाही. एक ताई महिनाभर नेटवाल्याशी भांडत होत्या. कॉम्प्युटर चालू केला की बँकेची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायची, मोबाइलवर मात्र तीच साइट नीट उघडायची. राउटरही बदलून झाला होता. मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. काही वर्षांनी तो संपतो. नवा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. ताईंचं काम पाच मिनिटांत झालं.

हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज यायला लागला तर मात्र हात जोडून सांगतो, मशीन तिथल्या तिथे बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणं, डिस्क तपासणारी सॉफ्टवेअरं लावणं, यांनी उरलासुरला डेटाही जातो. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. चुकून फाइल डिलीट झाली आणि रिसायकल बिनमध्येही नसेल, तर त्या ड्राइव्हवर नवं काहीच लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर टाकू नका, ते नेमकं हरवलेल्या फाइलच्या जागेवर जाऊन बसू शकतं. एसएसडीत, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, तर पुसलेल्या जागा आपोआप साफ होत जातात, तिथे आशा कमीच.

विंडोज ११ चा लॅपटॉप असेल तर आजच एक काम करा. अशा पुष्कळ लॅपटॉपची डिस्क मुळातच कुलूपबंद असते, म्हणजे किल्लीशिवाय आतला डेटा वाचता येत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. कागदावर उतरवून घरच्या फायलीत ठेवा. किल्ली नसेल तर आम्हीही काही करू शकत नाही, आणि समोरच्याला हे सांगताना फार वाईट वाटतं.

स्क्रीनभर लाल इशारा आला, भोंगा वाजतोय, "या नंबरवर फोन करा" लिहिलंय, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कुणाला कॉम्प्युटरचा ताबा देऊन बसला असाल तर नेट तोडा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

शेवटचं मराठीत काम करणाऱ्यांसाठी. एका सोसायटीच्या सचिवांनी फॉरमॅट करून घेतल्यावर बारा वर्षांच्या सभांच्या फायली "करप्ट" झाल्या म्हणून आणल्या. प्रत्येक पानावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांची नुसती खिचडी. ते फायली पुसून टाकायच्या बेतात होते. फायली पूर्ण चांगल्या होत्या. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीचे श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फॉरमॅटमध्ये फॉन्ट उडाला आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. म्हणून बॅकअप घेताना सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स हा फोल्डरही आठवणीने घ्या. सचिवांच्या एका जुन्या पेन ड्राइव्हवर तो फॉन्ट सापडला. टाकला, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिलीच ओळ आली: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले."