सोसायटीच्या गच्चीवर सोलर: सरकारचं काम कोणतं, आपलं कोणतं

ठाण्यातल्या सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल सगळ्यांनाच भरावं लागतं. सुरुवात तिथूनच करा. कॉमन मीटरची १२ महिन्यांची बिलं काढून युनिटची सरासरी धरा. १ किलोवॉटच्या सोलर पॅनेलना सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते, दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात बरीच कमी.

सावली स्वतः गच्चीवर जाऊन पाहा, सकाळी ९ ते दुपारी ३, आणि शक्यतो डिसेंबरात. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, पाण्याच्या टाकीची सावली लांबवर पडते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या ओळीची वीज घटू शकते.

वॉटरप्रूफिंग आधी उरका. स्लॅबला भोकं पाडून स्टँड ठोकले की वरच्या मजल्याचं छत गळायला लागू शकतं. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवणं बरं, पण वजन आणि वाऱ्याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

सर्वसाधारण सभेचा ठराव आपणच करायचा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल मात्र देशी बनावटीचे हवेत. अनुदान देणं सरकारचं काम; नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसवणं वीज कंपनीचं. दोन्हींचा पाठपुरावा लेखीच करा. नेट मीटर लागण्याआधी सोलर चालू करू नका: काही साधे मीटर सोसायटीतून बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजतात.