मूलकणांचा पर्यायी सिद्धांत मांडताना या चुका टाळा

गेली बरीच वर्षे हौशी अभ्यासकांच्या वह्या, टिपणे आणि मोठमोठी हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येतात. मी ती मनापासून वाचतो, कारण त्यामागची अस्वस्थता मला खरी वाटते. स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकण आणि त्यांच्यातली बले यांचा आजचा प्रचलित सिद्धांत, पूर्ण नाही, हे त्यावर आयुष्य घालवलेले संशोधकही मान्य करतात. न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या अतिशय हलक्या कणांना वस्तुमान असल्याचा पुरावा १९९८ मध्ये मिळाला, पण मूळ मॉडेलमध्ये ते शून्य धरलेले होते. कृष्णद्रव्याला, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्याला, त्यात जागा नाही. शिवाय कणांची वस्तुमाने धरून सुमारे १९ आकडे प्रयोगातून मोजून त्यात भरावे लागतात, आणि ते तेवढेच का आहेत हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याशी माझे भांडण नाही. मला थकवा येतो तो त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून, आणि त्यांतल्या बहुतेक चुका घाईतून होतात.

आकडे जुळले म्हणजे सिद्धांत झाला, असे मानणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, आणि हुशार माणसेच तिला अधिक बळी पडतात. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त अभियंता जाड वही घेऊन माझ्याकडे आले. सात कणांची वस्तुमाने त्यांनी इलेक्ट्रॉनच्या पटीत मांडली होती. प्रत्येकासाठी पाय (π), ई (e, गणितातला सुमारे २.७१८ हा स्थिरांक) आणि छोटे पूर्णांक यांचे एकेक सूत्र होते, आणि प्रत्येक उत्तर मोजलेल्या किमतीशी हजारांत एक भागाइतके जुळत होते. अकरा वर्षे त्यांनी त्यावर घालवली होती. हस्ताक्षर सुंदर होते आणि गुणाकारात एकही चूक नव्हती.

मी त्यांना टेबलावरच्या एका पुस्तकाची पाने पाहायला सांगितले. ती ४१२ होती. मग आम्ही दोघांनी मिळून संगणकावर एक साधी आज्ञावली लिहिली: १ ते २० मधले दोन पूर्णांक घेऊन त्यांचा अपूर्णांक करायचा, त्याला पायच्या आणि ई-च्या उणे पाच ते अधिक पाच अशा घातांनी गुणायचे. एवढ्या साध्या नियमातूनसुद्धा तीस हजारांहून अधिक सूत्रे तयार होतात. थोड्याच वेळात पडद्यावर उत्तर आले: चौदा नवमांश गुणिले ई गुणिले पायचा चौथा घात, म्हणजे ४११.८९. पुस्तकाच्या पानांचे हे सूत्र त्यांच्या वहीतल्या कोणत्याही कणाच्या सूत्राहून अधिक अचूक निघाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही वाईट वाटले, पण ते दाखवणे आवश्यक होते.

अशा सूत्रांचा इतिहासही बोलका आहे. फ्रीडरिश लेन्झ यांनी १९५१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये काही ओळींचे टिपण छापले. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर तेव्हा १८३६.१२ असे मोजले गेले होते, त्यात ०.०५ इतकी अनिश्चितता होती, आणि पायच्या पाचव्या घाताची सहापट बरोबर १८३६.१२ येते. त्या काळच्या मोजमापात हे सूत्र चपखल बसत होते. आज ते गुणोत्तर १८३६.१५२६७३ असे माहीत आहे, आणि सूत्र व मोजमाप यांतला फरक आताच्या अनिश्चिततेच्या लाखो पट आहे. मोजमाप सुधारत गेले आणि सूत्र मागे पडले.

याच्या उलट जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइडे यांचे सूत्र पाहा. इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन जड भाऊबंद, म्यूऑन व टाऊ, यांच्या वस्तुमानांची बेरीज घ्यावी, तिला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागावे, उत्तर दोन तृतीयांश येते. हे सूत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले गेले, तेव्हा टाऊचे मोजलेले वस्तुमान सुमारे १७८४ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजण्याचे एकक) होते आणि सूत्र १७७७ सांगत होते. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगात नवे मोजमाप झाले आणि ते १७७७च्या जवळ आले. या सूत्रामागचे कारण आजही कोणाला सांगता आलेले नाही, पण मी त्याकडे आदराने पाहतो, कारण तीन कणांसाठी एकच सूत्र आहे आणि प्रयोगाच्या आधी त्याने आपली किंमत सांगून ठेवली होती.

माझी स्वतःची सवय अशी आहे की सूत्र लिहिण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर मी किती गोष्टी माझ्या मर्जीने निवडल्या ते मोजून लिहितो: किती पूर्णांक, किती घात, किती चिन्हे. ती संख्या जुळलेल्या आकड्यांच्या संख्येइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तर ते पान मी बाजूला ठेवतो. त्या अभियंत्यांनी नंतर नवी वही सुरू केली आणि पहिल्याच पानावर अशी मोजणी केली. त्या वहीत एकही कण अजून जुळलेला नाही, पण मला ती पहिल्या वहीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

इलेक्ट्रॉनच्या आत चित्र काढणे

दुसरी लाडकी कल्पना म्हणजे इलेक्ट्रॉन हा फिरणारा गोळा आहे, भोवरा आहे, किंवा आणखी लहान कणांची गाठ आहे. चित्र डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते, म्हणून ते खरे वाटते. पण चित्र काढल्यावर त्यात आकडे घालण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. इलेक्ट्रॉनला त्याच्या अभिजात त्रिज्येचा (क्वांटमपूर्व भौतिकीतून निघणाऱ्या आकाराचा), म्हणजे २.८ फेम्टोमीटरचा (फेम्टोमीटर म्हणजे १०चा उणे पंधरावा घात इतके मीटर), भरीव गोळा मानले आणि त्याचा मोजलेला कोनीय संवेग (फिरण्याच्या जोराचे माप) फिरण्यातून मिळवायचा ठरवला, तर विषुववृत्तावरचा वेग प्रकाशाच्या सुमारे १७१ पट निघतो. ही अडचण १९२५ मध्येच, स्पिनची (कणाच्या अंगभूत कोनीय संवेगाची) कल्पना पुढे आली तेव्हा, भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्त्झ यांच्या ध्यानात आली होती. गोळा आणखी लहान केला तर वेग आणखी वाढतो.

गाठीच्या कल्पनेची परीक्षा तर पाच ओळींत होते. टकरींच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉनला १०चा उणे अठरावा घात इतक्या मीटरपर्यंत कोणतीही अंतर्गत रचना दिसलेली नाही. एवढ्या जागेत काही कोंडायचे असेल, तर अनिश्चितता तत्त्वाप्रमाणे (जागा जितकी लहान, तितकी आतली हालचाल जोरदार) त्याची ऊर्जा सुमारे दोन लाख मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात जाते. इलेक्ट्रॉनचे सगळे वस्तुमान मात्र त्याच एककात ०.५११ आहे. म्हणजे आतली जवळजवळ चार लाख पट ऊर्जा काहीतरी कारणाने नेमकी रद्द व्हावी लागते. एकोणीसशे सत्तरच्या दशकापासून ज्यांनी अशा घटक-कणांवर गंभीरपणे काम केले, त्यांच्यापुढे हीच भिंत होती. तुमच्या सिद्धांतात तिच्यापलीकडे जाण्याची वाट असेल तर ती पहिल्या प्रकरणात लिहा, कारण वाचणारा तीच शोधत असतो.

जुन्या यशाचे ऋण विसरणे

इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाची (तो किती ताकदीचा छोटा चुंबक आहे याची) किंमत प्रयोगात आणि क्वांटम विद्युतगतिकीच्या (प्रकाश आणि विद्युतभारित कण यांच्या क्वांटम सिद्धांताच्या) गणनेत सुमारे बारा अंकांपर्यंत जुळते. नव्या सिद्धांताने निदान त्यातले पहिले तीन-चार अंक तरी काढून दाखवावेत, ही अपेक्षा जाचक नाही. 'ते नंतर पाहू' असे वाक्य हस्तलिखितात आले की मी पेन खाली ठेवतो.

सापेक्षता नाकारणाऱ्यांनी म्यूऑनचा हिशेब आधी द्यावा. स्थिर म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. एकोणीसशे सत्तरच्या दशकात सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या साठवण-कड्यात (कणांना गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात) प्रकाशाच्या ९९.९४ टक्के वेगाने फिरणारे म्यूऑन सरासरी सुमारे ६४ मायक्रोसेकंद टिकले, सापेक्षता सांगते तसेच.

मनाला येईल तसे नवे हलके न्यूट्रिनो जोडू नयेत. झेड कणाच्या (क्षीण बल वाहणाऱ्या एका जड कणाच्या) ऱ्हासाच्या मोजमापांतून नेहमीच्या प्रकारचे हलके न्यूट्रिनो तीनच असल्याचे ठरलेले आहे.

एकके प्रत्येक ओळीत लिहावीत. निम्मी हस्तलिखिते तिथेच सुधारतात.

संभाषण करणाऱ्या संगणक-प्रणालीकडून सिद्धता लिहून घेऊ नका. समीकरणे सफाईदार दिसतात, पण मधली पायरी कुठे निसटली हे ज्याने ती स्वतः केली नाही त्याला कळत नाही. ज्या ओळीचे गणित तुम्ही कोऱ्या कागदावर पुन्हा करू शकत नाही, ती ओळ तुमची नाही.

'आईन्स्टाइनसुद्धा कारकून होता' हा दाखला देऊ नये. पेटंट कार्यालयात नोकरी करण्यापूर्वी त्यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि त्या काळचे संशोधन ते बारकाईने वाचत होते.

विसंगती दिसताच सिद्धांत उभारणे

सप्टेंबर २०११ मध्ये ओपेरा प्रयोगाने जाहीर केले की सर्नहून इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेपर्यंतच्या सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. पुढच्या काही आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाकिटात त्याचे स्पष्टीकरण होते. कोणी अवकाशाच्या जादा मिती घातल्या, कोणी ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असे पूर्वी मानले जाई ते माध्यम, परत आणला. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतः मात्र महिनोन्‌महिने चूक शोधली होती, ती सापडली नाही म्हणून इतरांनी तपासावे अशी विनंती केली होती, आणि त्यानंतरही शोध थांबवला नव्हता. २०१२ च्या सुरुवातीला त्यांना घड्याळाशी जोडलेल्या प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नसल्याचे आढळले. ती बसवून पुन्हा मोजल्यावर न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येताना दिसले. त्या वर्षी आलेली पाकिटे मी अजून ठेवली आहेत. मोजमापाची यंत्रणा तपासण्याबद्दल त्यांतल्या एकाही टिपणात एक ओळ नाही.